साडेसहाचं माप

सातवीत शाळा सुटली आणि ते मास्तर व्हायच्या वाटेला लागले. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, तेवढाच त्यांचा त्या शब्दावर हक्क. फळ्याशी पुढे कधी संबंध आला नाही. खडूशी मात्र रोजचा; पण तो कापडावर रेघ मारायचा, चपटा, कडेला झिजून धारदार झालेला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन शिलाई मशिनं, कापड बेतायचं लांबरुंद टेबल, माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावेल असा आरसा आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतून मास्तर माणसं बघत. समोरून कोणी आला की त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्ध्या इंचाने उतरलाय हे त्यांना आधी दिसे, आणि तो कोण आहे हे मागाहून. मग त्यांना चैन पडत नसे. खांदा उतरला कशाने? एका पोस्टमनला त्यांनी विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. पिशवी कोणत्या खांद्यावर घेता, झोपता कोणत्या कुशीवर, लहानपणी कुठून पडला होतात का. शेवटी पोस्टमन म्हणाला, "मास्तर, तुम्ही शर्ट शिवताय की माझ्यावर खटला भरताय?"

ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या थोरल्या मास्तरांचा एक दंडक होता आणि तो फक्त त्यांच्याच दुकानात चाले. इतर शिंपी वहीत अंगाचं माप लिहितात आणि कापड बेतताना त्यात वाढ धरतात. थोरले मास्तर उघडं माप लिहूच देत नसत. टेप फिरली, आकडा दिसला, की मनातल्या मनात त्यात माया मिळवायची आणि बेरीज तेवढी वहीत उतरवायची. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे माणूस अंगाने भरला तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून ठेवलेलं. "वहीत कपडा लिहायचा, माणूस नाही," असं ते बजावत. तीस वर्षांत हे मास्तरांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण बेरीज केली, हेही त्यांना कळत नसे.

मास्तरांना एकच मुलगी. रांगायच्या वयात टेबलाखाली बसून तिने अख्खा खडू खाल्ला होता, तेव्हापासून तिचं नाव खडू पडलं ते पडलंच. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर तेवढं राहिलं. नवव्या वर्षी एका सकाळी खडूला दाराची कडी काढता येईना. आईला वाटलं, शाळा चुकवायचे नखरे आहेत. मग बोटांचे सांधे सुजलेले दिसले, मग मनगट, मग एक गुडघा. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा मुलांना होणारा सांध्यांचा आजार आहे, औषधं बरीच वर्षं चालतील, आजार कधी चढेल, कधी उतरेल.

मास्तरांनी विचारलं, किती चढेल आणि केव्हा?

ते कोणालाच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायको घरी येईपर्यंत रडत होती. मास्तरांनाही भरून आलं होतं, पण त्या भरून येण्याच्या तळाशी डॉक्टरांचं ते उत्तर रुतून बसलं होतं. कोणालाच सांगता येत नाही, म्हणजे कोणी बघितलं नाही, की बघूनही कळलं नाही?

शाळा साडेसातची. पावणेआठला फाटक बंद. बऱ्या दिवशी खडू सगळ्यांच्या आधी पोचायची. वाईट दिवशी तिची बोटं मिटत नसत, गुडघा सरळ होत नसे. आणि दहा-साडेदहाला, कोणी आतून कुलूप काढावं तसे सांधे मोकळे होऊ लागत. अकराला ती शाळेत जाऊ शकली असती, पण अकराला फाटक बंद. म्हणजे आजार तीन तासांचा आणि गैरहजेरी दिवसभराची. सहावीचं अर्धं वर्ष सरेपर्यंत असे सत्तेचाळीस दिवस साठले.

तेव्हा मोठ्या बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या होत्या जेमतेम पाच फूट. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हजेरी अशीच राहिली तर खडूला पुन्हा सहावीत बसावं लागेल, नाहीतर घरी अभ्यास करून नुसती परीक्षेला यावं लागेल. उशिरा आत घ्यायला त्यांची ना नव्हती, पण त्यासाठी साहाय्य कक्षाचा कागद हवा. आजारी मुलांना शाळेत काय सवलत द्यायची ते हा कक्ष ठरवत असे. "कागदाशिवाय एकीला अकराला आत घेतलं, तर उद्या सगळा वर्ग अकराला येईल," मोठ्या बाई म्हणाल्या. "खरं सांगू? मीसुद्धा येईन."

खडूला घरी हे सांगितलं. ती म्हणाली, "मी लहान पोरांत बसणार नाही. माझे गुडघे त्यांच्या बाकाखाली मावत नाहीत." पहिलीपासून तिच्या बाकावर एकच मैत्रीण होती, घरात जिला नुसतं शेजारीण म्हणत. शेजारीण सातवीत जाणार आणि आपण मागे राहणार, हे गुडघ्यांच्या आड लपवलेलं खरं दुखणं मास्तरांना कळलं. गुडघ्यांचं मापही त्यांना ठाऊक होतं, आणि ते बाकाखाली आरामात मावले असते.

अर्ज केला. त्यात एक चौकट होती: महिन्यातून किती दिवस, कोणत्या दिवशी, किती वाजता साहाय्य लागेल? डॉक्टरांनी तिथे लिहिलं, निश्चित सांगता येत नाही. मग कक्षाच्या तपासनीस बाई शाळेत मुलगी बघायला आल्या. दुपारचा एक वाजला होता, शेवटचा तास खेळाचा होता, आणि खडू मैदानात दोरीवरच्या उड्या मारत होती. बाईंनी मोजल्या त्या अठ्ठावीस. आठवड्याने पत्र आलं: विद्यार्थिनी सुस्थितीत आहे, साहाय्याची गरज दिसून येत नाही. हरकत असल्यास सहा आठवड्यांत पुराव्यासह समक्ष हजर राहावे.

बायको चिडली. "एवढी कशाला उड्या मारत होतीस?"

"अठ्ठावीस काहीच नाहीत," खडू म्हणाली. "माझ्या चाळीस होतात."

मास्तर चिडले नाहीत. ते पत्र त्यांनी चार वेळा वाचलं. बाईंनी लिहिलं त्यात खोटं काहीच नव्हतं. खडू त्या दुपारी सुस्थितीतच होती. त्यांना आपला पोस्टमन आठवला. तो सकाळी पिशवी भरलेली असताना वेगळ्या मापाचा असे आणि संध्याकाळी पिशवी रिकामी झाल्यावर वेगळ्या. माणसाचं माप किती वाजता घेतलं हे वहीत कोणी लिहीत नाही. का लिहीत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते नवी वही आणि टेप घेऊन खडूच्या पलंगाशी जाऊन बसले. मनगट, मधल्या बोटाचा सांधा, गुडघा. शाळेतून आल्यावर तीनला पुन्हा, सहाला पुन्हा. बायको दुसऱ्या मशिनवर काज-बटणाचं काम करत असे. तिने तिथूनच विचारलं, मुलगी आहे ती का गिऱ्हाईक? मास्तर म्हणाले, गिऱ्हाईक असती तर आतापर्यंत कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सूज आणि दुखणं एकमेकांचं ऐकत नाहीत. एका सकाळी मनगट चांगलंच सुजलेलं, तरी खडू मजेत. दुसऱ्या दिवशी सूज नावाला, आणि तिला पेलाही उचलवत नव्हता. मग दुखणं मोजायचं कशाने? उत्तर खडूच्याच अंगावर होतं. शाळेच्या शर्टाला सात बटणं होती. वाईट सकाळी ती लावता लावता तिचा जीव मेटाकुटीला येई. मास्तरांनी मागे एकदा सुचवलं होतं की बटणांच्या जागी चेन लावून देतो, तर ती फणकाऱ्याने म्हणाली होती, "सगळ्यांना बटणं आहेत." आता ते सकाळी साडेसहाला आणि पुन्हा दुपारी तीनला घड्याळ घेऊन बसू लागले. सात बटणं लावायला किती मिनिटं?

"आकडा मी लिहिणार," खडूने अट घातली. "मापं तुमची, मिनिटं माझी."

पाच आठवडे हे चाललं. घरात एक विचित्र उत्सुकता शिरली. खडू सकाळी डोळे उघडायच्या आधी अंदाज सांगायची, आज चार मिनिटं. आणि कधी निघायची दहा. मास्तर एकेक शंका काढून तपासत. आभाळ भरून आलं की सांधे धरतात असं शेजारपाजारचे सगळे सांगत. वहीत तसं काही दिसेना. गार पाण्याचाही संबंध नव्हता. आणखी एक शंका होती, ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. गणिताच्या चाचणीच्या दिवशी खडूचे हात जरा जास्तच दुखतात, असं त्यांना दोन वर्षं वाटत आलं होतं. त्यांनी चाचणीच्या तारखा शोधून वहीशी ताडून बघितल्या. चारांपैकी तीन सकाळी ती ठणठणीत होती. सगळ्यांत वाईट दोन सकाळी निघाल्या त्या सुट्टीच्या. मास्तर ती पानं उघडी टाकून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. आपण दोन वर्षं या पोरीकडे बघत होतो म्हणजे नेमकं काय करत होतो, हा प्रश्न त्यांना टोचत होता; आणि या प्रश्नाला कुठलीही टेप पुरी पडत नव्हती.

साहाय्य कक्षात जायच्या दिवशी बायकोने त्यांना नवा शर्ट घालायला लावला. "तिथे कमी बोला," ती म्हणाली. "आणि त्यांचे खांदे बघत बसू नका."

कक्ष एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. लोखंडी कपाटं, त्यांवर दोरीने बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि भिंतीला टेकून बाक. तिथला एक कारकून त्यांचं गिऱ्हाईक निघाला. तो जाता जाता म्हणाला, काय मास्तर, इकडे कुठे? ते ऐकून शिपायाने त्यांना बाकावरून उठवलं आणि शिक्षकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं. पाणी आणून दिलं. विषय कोणता शिकवता, असं त्याने अदबीने विचारलं.

"शर्ट-पँट," मास्तर म्हणाले.

शिपायाने पाण्याचा पेला परत नेला, पण खुर्ची राहू दिली.

तपासनीस बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा गळ्यात साखळीला. उजवा खांदा उतरलेला, चांगला पाऊण इंच. मास्तरांनी मान खाली घातली आणि वही पुढे केली. बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि थांबल्या.

"टेप आहे का तुमच्याकडे?"

टेप नाही असं कधी झालंच नव्हतं. बाईंनी ती स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळली.

"माझं मनगट पावणेसहा इंच. आणि तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीचं सव्वासहा?" त्यांनी पान उलटलं. "बोट अडीच इंच. हे बोट एखाद्या पैलवानाचं असेल, मुलीचं नाही."

मास्तरांनी वहीत डोकावून बघितलं. पाच आठवडे स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे त्यांनी प्रथमच परक्यासारखे वाचले.

"ती माया आहे, बाई," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मऊ झाला आणि ते जास्तच वाईट होतं. "माया सगळ्याच आईबापांना असते हो. म्हणून आकडे वाढवून लिहायचे?"

"तशी माया नाही. अर्ध्या इंचाची."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग मास्तरांनी नव्या शर्टाची बाही उलटी केली, शिवणीच्या आतली कापडाची पट्टी दाखवली, थोरल्या मास्तरांचा दंडक सांगितला. गिऱ्हाइकाच्या वहीत जे तीस वर्षं केलं तेच पोरीच्या वहीत हाताने आपोआप केलं. लबाडी करायची असती तर जरा बेताने केली असती, मुलीला पैलवान कशाला बनवलं असतं? बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे प्रत्येक मापात अर्धा इंच जास्त. रोज?"

"रोज."

"वाईट दिवशीही अर्धाच?"

मास्तर हो म्हणायला गेले आणि थांबले. त्यांना ती पहाट आठवली, जेव्हा खडूने टेप लागताच ओठ चावला होता. त्या दिवशी हाताने किती मिळवलं? अर्धा? की पाव इंच आणखी? हात तीस वर्षं आपल्या मर्जीने बेरीज करत आला होता, त्याला कधी कोणी जाब विचारला नव्हता. सैल कपड्याबद्दल कोण तक्रार करतं? आता त्या हाताच्या वतीने शपथ घ्यायची वेळ आली, तर मास्तरांना आपलाच हात ओळखीचा वाटेना.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले, आणि हे डॉक्टरांचंच उत्तर आहे हे त्यांना बोलल्यावर कळलं. त्यांनी बाईंचं पेन मागून घेतलं आणि पानापानावर मापांच्या रकान्यांवर सरळ उभी रेघ मारली. "हे धरू नका."

"मग उरलं काय?"

"मिनिटं. मिनिटांत माया सोडता येत नाही."

बाईंनी वही पुन्हा ओढली. आता त्या सावकाश वाचू लागल्या. नऊ मिनिटं. दोन मिनिटं. अडीच. अकरा. चार बटणं, मग सोडलं. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं, मग वरच्या, मग पुन्हा खालच्या.

"ही मिनिटं दोघांनी लिहिलीत?"

"नाही. खडूने. मुलीने."

"सगळी? हे साडेसहाचं आणि हे तीनचं, दोन्ही तिनेच?"

मास्तर टेबलाच्या त्या बाजूला गेले. साडेसहाच्या रकान्यात वाईट दिवसांचे आकडे असे होते, की नवाची मान मोडलेली, दहातला एक आडवा पडलेला, अकराचे दोन एक एकमेकांपासून दूर सरकलेले. पेन मुठीत धरून, दाबून, ओढून काढलेले. त्याच दिवसाच्या तीनच्या रकान्यात गोल, टपोरे, जरा ऐटबाज आकडे. मास्तरांनी पाच आठवडे ते रोज बघितले होते, पण वाचले होते ते आकडे म्हणून. अक्षर त्यांनी बघितलंच नव्हतं. अंगठ्याला न जुमानणारं ते पेन त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि ते घड्याळाकडे बघत होते.

 बाई जराशा स्वतःशीच म्हणाल्या, "कक्ष साडेदहाला उघडतो. आम्ही मुलं बघायला बाहेर पडतो ते अकरानंतर. नऊ वर्षांत मी साडेसहाचं मूल बघितलेलंच नाही. माझी दोन सोडून, आणि तीही झोपलेली." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "मी गुरुवारी तुमच्याकडे येते. साडेसहाला."

गुरुवारी सव्वासहालाच त्या दारात उभ्या होत्या, हातात फाइल. बायकोने त्यांना टेबलाजवळ बसवलं, चहा दिला. खडू उठून आली, नमस्कार केला, शर्ट अंगात घातला आणि बटणं लावू लागली. एक, दोन, तीन. मास्तर घड्याळाकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं पळत होती. सातवं बटण लागलं तेव्हा दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

त्या दोन मिनिटांत मास्तरांच्या मनात एक इच्छा येऊन गेली. पोरीचा हात अडखळावा, निदान पाचव्या बटणाला तरी अडखळावा. ती इच्छा पुरती उमटायच्या आत त्यांनी मागे ढकलली, पण ती होती हे त्यांना दिसलं, आणि आपल्या मनाच्या आत हे असलंही काही शिवलेलं आहे याचं त्यांना भय वाटलं.

"आज बरी आहेस?" बाईंनी विचारलं.

"आज बरी आहे," खडू म्हणाली. "तुम्ही काल यायचं होतंत."

वहीत कालच्या तारखेला दहा मिनिटं होती, दहातला एक वाकडा. बाईंनी ते बघितलं. मग त्यांनी खडूला समोर बसवून घेतलं, आणि पुढचा अर्धा तास मास्तरांकडे कोणी लक्षच दिलं नाही. बाई विचारत होत्या आणि खडू सांगत होती. दुखणं आधी कुठे येतं? अंगठ्यात. जातं कुठून? गुडघ्यातून, सगळ्यांत शेवटी. आदल्या दिवशी कळतं का? नाही.

"मग केव्हा कळतं?"

"डोळे उघडल्यावर. कधी कधी त्याच्याही आधी, पण तेव्हा ते स्वप्नात असतं. स्वप्नात मी कुणाचा तरी हात धरलेला असतो आणि तो सोडता येत नाही."

मास्तरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. बायकोनेही मशिनवरचा हात थांबवला.

बाईंनी वहीतल्या पहिल्या पाच आठवड्यांतल्या बऱ्या सकाळी मोजल्या. पस्तीसपैकी तेरा. त्या कशाही विखुरलेल्या होत्या, कोणत्याही वाराला, कशाही मागोमाग. "खोटं लिहिणाऱ्याने या तेरा लिहिल्या नसत्या," त्या मास्तरांना म्हणाल्या. "त्या दिवशी मैदानात मी बघितलं ते बरोबरच होतं. आज बघतेय तेही बरोबर आहे. बरोबर बघून चुकीचं लिहिता येतं, हे मला ठाऊक नव्हतं."

साडेसातला सगळे चालत शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत तपासनीस बाईंनी अर्ज काढला आणि त्या चौकटीपाशी थांबल्या. किती दिवस, कोणत्या दिवशी, किती वाजता.

मोठ्या बाई म्हणाल्या की काहीतरी आकडा लिहा, आठवड्याचे दोन दिवस म्हणा, फाटकावरच्या माणसाला काय सांगायचं ते मला कळायला हवं. तपासनीस बाई म्हणाल्या की आकडा लिहिला तर तिसऱ्या दिवशी ही पुन्हा बाहेर.

"मग रोज ठरवणार कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं. "वडील चिठ्ठी देतील?"

"मी सांगेन," खडू म्हणाली.

"आणि तू खोटं सांगितलंस तर?"

खडूने खरोखर विचार केला. "खोटं सांगायचं झालं तर मंगळवारी सांगेन. मंगळवारी पहिल्या तासाला गणित असतं. तुम्ही मंगळवार मोजत जा."

मोठ्या बाई हसल्या. तपासनीस बाई लिहू लागल्या होत्या. चौकट लहान होती, म्हणून त्यांनी अक्षर बारीक काढलं. खडूने टेबलापलीकडून ते उलटं वाचलं: वेळ रोज सकाळी ठरेल, विद्यार्थिनी स्वतः सांगेल ती ग्राह्य धरावी, उशिराने आल्यास दिवस भरलेला मानावा, पहिले दोन तास लिहिण्याची सक्ती नसावी. मागील गैरहजेरी आजारपणाची समजावी.

"ग्राह्य म्हणजे काय?"

"खरं धरायचं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"आम्ही. शाळेने."

"आणि घरच्यांनी," तपासनीस बाई मान वर न करता म्हणाल्या. "तिथे खाली सही करा, मास्तर."

मास्तरांनी पेन घेतलं. सही करायची सवय नव्हती. ते एकेक अक्षर बेतून काढत. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, विद्यार्थिनी स्वतः सांगेल ती, आणि गणिताच्या चाचणीच्या त्या चार तारखा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या तासाची घंटा झाली. खडूने विचारलं, मी जाऊ का, भूगोल आहे, नकाशे रंगवायचे आहेत, शेजारणीने माझा निळा घेऊन ठेवलाय. कोणी हो म्हणायच्या आत ती दारातून बाहेर पडली होती. मास्तर जिन्याच्या तोंडाशी येऊन कान देऊन उभे राहिले. कोणतं पाऊल जड पडतंय, ते त्यांना ऐकायचं होतं. पण वरून तिच्या वर्गाचा गलका आला, आणि तिची पावलं त्यात कुठे मिसळली ते काही त्यांना वेगळं काढता आलं नाही.